उसनी पाठ

मला माणसांच्या तोंडाकडे बघता येत नाही. हे लहानपणापासूनचं आहे. शाळेत बाईंनी नाव विचारलं की मी ते त्यांच्या चपलांना सांगायची. चौथीपर्यंत शिकले, पण चौथीच्या बाई दिसायला कशा होत्या ते विचाराल तर सांगता येणार नाही. अंगठ्याजवळ काळ्या दोऱ्याने शिवलेली त्यांची तपकिरी चप्पल मात्र आजही ढिगातून काढून देईन. सिद्धगडाच्या पायथ्याला माझं माहेर, पाचवीची शाळा लांब, म्हणून शाळा सुटली असं मी सगळ्यांना सांगते. ते खरंच आहे. पण पाचवीला नवीन बाई असतील आणि त्या परत नाव विचारतील, ही धास्तीही त्यात थोडी होती. ही वही कोणी वाचणार नाही, तर इथे तरी खोटं कशाला लिहू.

लग्न होऊन मुरबाडची मी शहापूर तालुक्यात आले. आसनगाव स्टेशनापासून जीपने अर्ध्या तासावर आमचं गाव. घर म्हणजे एक लांब पडवी आणि तिला दोन दारं, एक थोरल्या दिरांचं आणि एक आमचं. सुरुवातीला चूल एकच होती आणि ती थोरल्या जाऊबाईंच्या ताब्यात. त्या चुलीपुढे बसायच्या, मी त्यांच्या मागे परातीत तांदळाचं पीठ मळायची. शेतावर जायचं तर बांधावरून एकामागे एक चालायचं: पुढे जाऊबाई, मग सासूबाई, सगळ्यांत शेवटी मी. विहिरीवर तसंच, जत्रेतही तसंच. मला त्याचं वाईट कधी वाटलं नाही. उलट बरंच वाटायचं. तोंड बघायला गेलं की ते तोंडही आपल्याकडे बघतं. पाठ बघत नाही. पाठीकडे कितीही वेळ बघत राहिलं तरी ती विचारत नाही, काय गो, काय बघतेस?

अशी वर्षानुवर्षं मागे मागे चालून मला माणसं पाठीवरून कळायला लागली. कोण रागावलंय, कोणाचं पोट दुखतंय, कोण कर्जाऊ साखर मागायला निघालंय पण अजून धीर होत नाही, ते मानेवरून आणि खांद्यांवरून समजायचं. आणि मग, कधी ते आठवत नाही, मी त्या पाठी काढायला लागले.

कागद म्हणजे मुलीच्या वह्यांना कव्हर घालून उरलेला खाकी कागद. चुलीतला विझलेला कोळसा. आणि उजेड पडला आहे तिथे लावायला पांढरा म्हणून आमच्या ह्यांच्या तंबाखूच्या डबीतला चुना. चुन्याने बोटांची सालं निघतात, पण खाकी कागदावर तो असा उठून दिसतो की सालं गेली तर गेली. हे कंपनीतून आले की डबी उघडून म्हणायचे, "काल भरलेली डबी गो. चुना काय उंदीर खातात?"

"खात असतील," मी म्हणायची.

चित्रं मी तांदळाच्या कणगीमागे सरकवून ठेवायची. कोणाला दाखवायची म्हणून काढलेली नव्हतीच. दाखवायची म्हणजे कोणीतरी बघणार, आणि चित्र बघून झालं की माणूस मान वर करून काढणारीकडे बघतो. तो त्रास नको.

तो त्रास मुलीने आणला. मुलगी आता कल्याणला एका ऑफिसात कामाला जाते. गेल्या वर्षी सुट्टीच्या दिवशी कणगीमागे उंदराचं बीळ शोधायला वाकली आणि उंदराऐवजी तिला माझा गठ्ठा सापडला. मी नळावर होते. परत आले तर पडवीभर माझी चित्रं पसरलेली, चारी कोपऱ्यांवर चिंचोके ठेवून, आणि जाऊबाई कमरेवर हात देऊन त्यांच्यामधून फिरतायत.

"हा नळ सोडनारा शिपाई," त्या एकेक ओळखत होत्या. "ही वरल्या आळीतली, मटकन बसते ती. हा तर तुजा बाप गो पोरी, टॉवेल बघ कसा टाकलाय. आनि ही कोन? ही कोन म्हातारी झालेली?"

मुलगी चिंचोके सारखे करायला लागली. मी हंड्यासकट दारात उभी.

"कोन गो ही?"

"तुमीच, ताई," मी हंड्याला सांगितलं.

जाऊबाई खाली वाकल्या. चित्रात त्या चुलीपुढे बसलेल्या होत्या, डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली, आणि डावा हात मागे कमरेवर उलटा, तळवा बाहेर. कंबर दुखते तेव्हा त्या तसाच ठेवतात. आणि कंबर तर रोजच दुखते.

"माजा खांदा असा पडलेला नाय," त्या म्हणाल्या आणि आपल्या दारातून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या छाती काढून ताठ चालत होत्या. दुपारनंतर दमल्या.

मुलीने सगळ्या पाठींचे फोनवर फोटो काढले. मग संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली आणि एका संस्थेचं वाचून दाखवायला लागली. कोणाच्या तरी आठवणीत मुंबईच्या लोकांनी काढलेली धर्मादाय संस्था. नव्याने पुढे येणाऱ्या चित्रकारांना ती दरवर्षी मदत देते, पण फक्त जे दिसतं तसं काढणाऱ्यांना. झाड झाडासारखं, माणूस माणसासारखा.

"मग दुसरे कसं काढतात?" मी विचारलं.

तिने फोनवर एक चित्र दाखवलं. निळा त्रिकोण आणि त्यात एक डोळा. "ही बाई आहे," ती म्हणाली.

"कुठं?"

"हीच."

मी बराच वेळ बघितलं. बाई असेलही, पण आमच्याकडे ती भाकरी कशी थापणार, एवढंच माझ्या मनात आलं.

मदत अशी होती: वर्षभर आठवड्यातले दोन दिवस कल्याणला एका चित्रकार बाईंकडे जाऊन शिकायचं. कागद, रंग सगळं संस्थेचं. आणि त्या दोन दिवसांची बुडालेली मजुरीसुद्धा संस्था देणार. मी इथे रस्त्यालगतच्या नर्सरीत जाते, काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत माती भरायला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पिशवी, माती, काठीने ठोकायचं, पुढची पिशवी. काम वाईट नाही, खाली बघून करायचं आहे, माझ्या स्वभावाला जुळतं. पण मुलीने ते दोन दिवस वाचून दाखवले तेव्हा मी उठून भांडी घासायला बसले. मला ते दोन दिवस पाहिजे होते. आयुष्यात इतकं मला काहीच पाहिजे झालेलं नव्हतं, नवरासुद्धा नाही. तो तर आपोआप आला. पण पाहिजे असं तोंडाने म्हणायची लाज. म्हणून मी भांड्यांतून म्हटलं, "बघ बाई, तुझी हौस असेल तर भर फॉर्म."

फॉर्मात वयाची अट नव्हती. "नव्याने पुढे येणारी," मुलीने माझ्याकडे बघून वाचलं आणि दोघींना हसू आलं. सेहेचाळीस वर्षं मागे मागे सरकत आलेली बाई मी. एका जागी त्यांनी विचारलं होतं की तुमचा कलाप्रवास सांगा.

"चुलीपासून कणगीपर्यंत," मी म्हटलं. कार्टीने तेच लिहून पाठवलं.

महिन्याने संस्थेचा फोन आला. चित्रं त्यांना आवडली होती. आता शेवटची एक गोष्ट: प्रत्येकाने स्वतःचं स्वतः काढलेलं चित्र आणायचं. फोटोवरून काढलेलं चालणार नाही, समोर बघूनच काढलेलं पाहिजे. आमच्या बाजूच्या माणसांना भेटायला संस्थेचे लोक शहापूरला येणार होते, महिन्याभराने. ते चित्र नसेल तर बाकी सगळं बाद.

मुलगी आनंदाने उड्या मारत होती. मी विचार करत होते की माझी पाठ मला दिसणार कशी.

हसू नये. मला खरंच दुसरं काही सुचलं नाही. स्वतःचं चित्र म्हणजे स्वतःची पाठ, कारण चित्र म्हणजे पाठच. तोंड काढावं हे मनातही आलं नाही. मी कपाटाच्या आरशाकडे पाठ करून उभी राहिले आणि ह्यांचा दाढीचा आरसा हातात धरून मागचं बघायला लागले. दाढीच्या आरशात कपाटाचा आरसा दिसला, त्यात अर्धा कान दिसला, आणि मान अशी अवघडली की दोन दिवस मी जाऊबाईंना बाजूनेच बघत होते.

"काय झालं गो? वारं भरलं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, पण माझ्या गोष्टी कोणी विचारल्या की मला इतकं बरं वाटतं की त्यातलं खरं तेवढं पटकन सांगून मोकळी होते. जाऊबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यात काय. माजी पाठ घे."

आता हा विचार माझा की त्यांचा, यावर आमचा अजून वाद आहे. मी म्हणते त्यांचा. त्या म्हणतात, "मी मस्करी केली, तू लगेच पाट टाकलास." पाट मी टाकला हे खरं. माझी पोपटी साडी त्यांना नेसवली, पदरावर लोणच्याच्या तेलाचा डाग असलेली, म्हणजे कोणी ओळखायचं झालं तर डागावरून ओळखील. माझ्या चुलीपुढे माझ्याच पाटावर त्यांना बसवलं. फोटोवरून काढायचं नाही हा नियम मी अगदी काटेकोर पाळला. साडी माझी, चूल माझी, पाट माझा. शेजारणीकडून आपण साखर उसनी घेतो, विरजण उसनं घेतो, तशी पाठ तेवढी उसनी घेतली. एवढ्याने काय होतं, असं मी मनाला समजावलं आणि मन लगेच समजलं. माझं मन माझ्यासारखंच आहे, कोणाला उलटून बोलत नाही.

तीन संध्याकाळ त्या बसल्या. पाठीवाटे बोलत होत्या.

"खांदा वर काढ."

"होय ताई."

"होय ताई नको. काढलास काय वर?"

"काढते."

काढायचा मी खरंच प्रयत्न केला. कोळसा दोन बोटं वर नेला, रेघ मारली, आणि ती पाठ एकदम कोणाचीच राहिली नाही, कपाटाची पाठ झाली. भाकरीच्या तुकड्याने मी ती रेघ पुसली आणि खांदा होता तिथे परत आणून ठेवला. डावा हात कमरेवर उलटा होता, तोही तसाच ठेवला. एवढं खोटं काम करायला बसलेली मी, दोन बोटं खोटं मात्र जमेना.

शहापूरला संस्थेने एक मंगल कार्यालय घेतलं होतं. आदल्या दिवशी तिथे लग्न झालेलं. झेंडूच्या पाकळ्या आणि अक्षता अजून फरशीवर होत्या. प्लास्टिकच्या खुर्च्या दुसऱ्या लग्नाला गेलेल्या, म्हणून ज्याची पाळी येईल त्याने स्टेजवरच्या नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्चीत बसायचं असं ठरलं. बाकीचे सगळे पंचविशीतले, दाढीवाले, मोठमोठी चित्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणलेले. त्यात मी खाकी कागदाची गुंडाळी घेतलेली, सोबत मुलगी आणि जाऊबाई. जाऊबाईंना कोणी बोलावलं नव्हतं. "माजी पाठ चाललीय," त्या म्हणाल्या, "तर मी नको जाऊ?"

माझी पाळी आली. मी नवरीच्या खुर्चीत बसले. लग्नात बसले होते त्यापेक्षा जास्त खाली बघत बसले. समोर पंगतीच्या टेबलापाशी संस्थेच्या बाई, कापलेले पांढरे केस, आणि त्यांच्याशेजारी एक म्हातारे चित्रकार. हे मला नंतर मुलीने सांगितलं. मी टेबलाचे पाय बघितले होते. चारापैकी एकाखाली पत्रावळीची घडी घातलेली होती.

"हे घरीच शिकलात?" बाईंनी विचारलं.

"होय," मी पत्रावळीला सांगितलं.

"हा पांढरा कसला?"

"चुना."

"आणि ही स्वतःच्या शरीराची जाण!" बाई शेजाऱ्यांना म्हणाल्या. "बघा हा पडलेला खांदा. स्वतःमधला दोष इतका स्पष्ट काढायचा म्हणजे धीर लागतो हो."

माझे कान तापले. आणि मागून, जिथे मुलगी आणि जाऊबाई उभ्या होत्या तिथून, आवाज आला, "दोष?"

मुलगी "मोठीआई, शू" म्हणाली. पण झालं ते झालं. "दोष कसला त्यात?" असं पुटपुटत जाऊबाई ताडताड चालत हात धुवायच्या बेसिनांकडे गेल्या, आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि नळ सोडला. चुळा भरून राग जातो असं त्या मानतात. डावा खांदा खाली. डावा हात कमरेवर, उलटा, तळवा बाहेर.

म्हाताऱ्या चित्रकारांनी चित्राकडे बघितलं. बेसिनाकडे बघितलं. परत चित्राकडे बघितलं.

"बाई," ते जाऊबाईंना म्हणाले, "जरा तशाच उभ्या राहा."

जाऊबाई राहिल्या. तीन दिवस राहायची सवय झालेली.

"ह्या कोण तुमच्या?" संस्थेच्या बाईंनी मला विचारलं.

"जाऊ."

"आणि चित्रात कोण आहे?"

अशा वेळी माणसाला काहीतरी चांगलं सुचावं. मला सुचलं ते हे: "साडी माझी आहे."

जाऊबाई तोंड पुसत वळल्या. त्यांना वाटलं मी एकटी पडले. "पाट पन तिचाच हाय, बाई," त्या मोठ्याने म्हणाल्या. "चूल पन तिचीच. माजी फकस्त पाठ!"

म्हातारे चित्रकार इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि मुलीने धावत जाऊन पाणी दिलं. "अहो," ते मला म्हणाले, "जरा वाईट काढलं असतंत तर पचलं असतं की!"

संस्थेच्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी चित्र गुंडाळून माझ्यापुढे धरलं. "चित्र उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "पण यात तुम्ही नाही. नियम सगळ्यांना एकच आहे. अजून एक महिना देते, कारण बाकीच्या चित्रांवरून मला तुम्हाला सोडावंसं वाटत नाही. पण तुम्ही स्वतः पाहिजे."

"माझी पाठ मला दिसत नाही," मी म्हणाले. परक्या माणसापुढे मी आपणहून बोललेलं ते बहुतेक पहिलंच वाक्य. माझ्या माहेरी कळलं असतं तर त्यांनी पेढे वाटले असते.

"पाठ कोणी मागितली?" बाई म्हणाल्या. "घरी आरसा आहे ना?"

जीपमध्ये जाऊबाई बाहेर बघत बसल्या होत्या. गाव आलं तेव्हा म्हणाल्या, "दोष म्हनं." आणि थोड्या वेळाने, "तुज्यामुळं नाय गेलं गो. माज्या रागामुळं गेलं."

"गेलं नाय ताई, महिना हाय," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण मला तेव्हा वाटत होतं की आता माझा जन्म काळ्या पिशव्यांतच जाणार, आणि ते ठीकच आहे, लबाडी केली तर असंच व्हायला पाहिजे.

घरी आरसा आहे. लग्नात आलेल्या लोखंडी कपाटाचा, उभा. पण त्यात मी कधी बघितलं असं म्हणता येणार नाही. रोज त्याच्यापुढे उभी राहते, कुंकवाची टिकली लावते, रात्री काढून आरशालाच चिकटवते. बावीस वर्षांच्या टिकल्या. माझ्या तोंडाच्या उंचीवर आरशाला देवी आल्यासारखं झालंय. टिकली लावताना मला फक्त टिकलीची जागा दिसते, बाकीची मी दिसत नाही, आणि ते मला चांगलं सोयीचं होतं.

महिन्यातले पंधरा दिवस मी आज करू, उद्या करू केलं. मग एका रविवारी कागद घेऊन आरशापुढे बसले. टिकल्या खरवडाव्यात असं आधी वाटलं. दोन काढल्या, त्याखाली काच पिवळी पडलेली. मग म्हटलं, जसं दिसतं तसंच काढायचं आहे ना? आणि टिकल्यांमधून जी कोण दिसत होती तिच्याकडे बघायला लागले.

फार लाज वाटली. ती पण लाजत होती, हे बघून थोडा धीर आला.

जाऊबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. यावेळी त्या मागे होत्या, आणि मागून बोलायला त्यांना जास्तच जोर येतो.

"नाक एवढं मोठं नाय तुजं."

"दिसतं तसं काढते."

"आरसा जुना झालाय. आनि पदर बघ. उजव्या खांद्यावर काढलास. गुजरातीन झालीस काय?"

खरंच, आरशातल्या बाईचा पदर उजव्या खांद्यावर होता. नाकातली चमकीही उजवीकडे. मी पुसायला भाकरीचा तुकडा उचलला आणि ठेवला. पाठीच्या वेळी माझी अक्कल मी चालवली होती. आता आरसा दाखवील ते काढायचं ठरवलं. संध्याकाळी हे आले, चित्रापुढे उभे राहिले, आणि म्हणाले, "ही कोन गुजरातीन बसलीय?" मग जरा वेळाने, "तुज्यासारकी हाय थोडी."

एक गोष्ट मी आधी ठरवलेली नव्हती. आरशात माझ्या डोक्यावर जाऊबाईंचं तोंड होतं, माझ्या नाकाला नावं ठेवणारं. आरशात बघताना तोंडाकडे बघतोय असं वाटत नाही, म्हणून मी बघितलं. त्यांच्या वरच्या ओठाशेजारी डाव्या बाजूला, म्हणजे आरशातल्या डाव्या, एक बारीक तीळ आहे. बावीस वर्षं एका पडवीत राहून मला तो माहीत नव्हता. मी तो काढला. मग तीळ हवेत ठेवता येईना म्हणून ओठ काढला, ओठाला आधार म्हणून हनुवटी, आणि शेवटी त्या सबंधच आल्या, बोलता बोलता तोंड उघडं.

चित्र मुलीने कल्याणहून कुरिअरने पाठवलं. मग पिशवी, माती, ठोकणं. पिशवी, माती. नर्सरीत मुलीचा फोन आला तेव्हा माझे हात चिखलाने भरलेले. मुकादमाने फोन माझ्या कानाला धरला.

"आई, झालं!" मुलगी ओरडली. "त्यांनी घेतलं तुला! ते म्हणतायत, मागची बाई जास्त चांगली आलीये, पण चालेल!"

मी मुकादमाच्या बुटांना सांगितलं की मला गुरुवार-शुक्रवार येता येणार नाही.

पहिल्या गुरुवारी मी सकाळी लवकर निघाले. रस्त्यापर्यंत बांधावरून जावं लागतं, तिथून आसनगावची जीप. जाऊबाई सोडायला आल्या. पिशवी माझ्या हातात, वाट माझी, म्हणून नकळत मी पुढे झाले आणि त्या मागे राहिल्या. असं आम्ही कधी चाललो नव्हतो. त्यांची पावलं सारखी मागे पडत होती, तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती.

"अगो," त्या मागून म्हणाल्या, "थांब जरा."

मी थांबले.

"तुजा पन डावा खांदा खाली हाय."

"नाय ताई."

"नाय काय? एकाच विहिरीचं पानी, एकाच बाजूच्या कमरेवर कळशी. दोन बोटं. अगदी तशीच. उगाच त्या बाईनं परत पाठवलं आपल्याला. तुजीच पाठ होती गो ती."

मला काय दिसणार? पण कोणी असं सांगितलं की माणूस बघतोच. मी मान वळवून माझा डावा खांदा बघायला गेले, बांध ओला होता, आणि नव्याने पुढे येणारी मी पिशवीसकट खाली भाताच्या खाचरात बसले.

कल्याणच्या चित्रकार बाईंनी पहिल्या दिवशी दार उघडलं तेव्हा माझी पोपटी साडी कमरेपर्यंत चिखलाची होती. लोणच्याचा डाग त्यात दिसत नव्हता, तेवढं एक बरं झालं.